स्वरांची धावती माळ

भाद्रपदातल्या संध्याकाळी पेठ वडगावच्या एखाद्या गल्लीत शिरावे, तो गणपतीच्या मांडवापुढे दिव्यांची माळ धावताना दिसते. वास्तविक त्या माळेतील एकही दिवा जागचा हालत नाही. पहिला दिवा लागतो आणि विझतो. तो विझतो न विझतो तोच दुसरा लागतो. मग तिसरा, मग चौथा. अखेरचा दिवा विझला की पाळी पुन्हा पहिल्याची. पाहणाऱ्याला मात्र प्रकाशच पळत सुटल्याचा भास होतो. मांडवात त्याच वेळी भजनाला रंग चढलेला असतो. पेटी वाजवणाऱ्याची बोटे एका पट्टीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर जात असतात. एक सूर मिटतो, दुसरा उमलतो. मांडवाबाहेर दिव्यांची रांग आणि मांडवात स्वरांची रांग!

या दोन रांगांचे एकमेकींशी जवळचे नाते आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. धावत्या माळेतील प्रत्येक दिव्याच्या जोडीला एकेक स्वर बसवता आला तर काय होईल? दिवे जसे क्रमाने लागतात, तसे स्वर क्रमाने वाजू लागतील आणि माळ गाऊ लागेल. ही केवळ कल्पना नव्हे. अशी गाणारी माळ खरोखरच करता येते. आणि तीही मोठ्या कारखान्यात नव्हे, तर घरच्या टेबलावर, एका लहानशा बॅटरीच्या बळावर, शाळकरी मुलाच्या हातून.

अशा वाद्याचे दोन भाग असतात. विजेच्या साहाय्याने ध्वनी घडवणाऱ्या भागास सिंथेसायझर म्हणतात आणि कोणता स्वर केव्हा वाजावा याचा क्रम सांभाळणाऱ्या भागास सिक्वेन्सर म्हणतात. पहिला भाग म्हणजे गवयाचा गळा. दुसरा भाग म्हणजे मात्रा मोजणारा त्याचा हात. नावे परकी असली, तरी या दोन भागांचे काम आपल्याकडे परके नाही.

स्वरांचा क्रम यंत्राच्या स्वाधीन करण्याचा खटाटोप माणसाने फार पूर्वीपासून चालवला आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्वित्झर्लंडमधील घड्याळजींनी गाणाऱ्या पेट्या बनवण्यास आरंभ केला. पुढे प्रसार पावलेल्या अशा पेटीत एक लहानसे नळकांडे फिरत असते. त्यावर बारीक टाचण्या रोवलेल्या असतात आणि त्या पोलादी पट्ट्यांना एकामागून एक छेडीत जातात. टाचण्या जशा रोवल्या असतील, तसे गाणे वाजते. आपल्याकडे मात्र क्रमाने आणि अखंड वाजणारे सर्वांत थोर वाद्य यंत्राने चालत नाही. ते माणसाच्या बोटांनी चालते. ते वाद्य म्हणजे तंबोरा.

तंबोऱ्याची जन्मभूमी पाहावयाची असेल, तर पेठ वडगावच्या मुलांना दूर जावे लागत नाही. हातकणंगल्यास जाऊन आगगाडीत बसले की जयसिंगपूरनंतर मिरज येते. मिरजेस एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून सतार व तंबोरा बनवण्याची परंपरा चालत आली आहे. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतील फरीदसाहेब यांनी हा व्यवसाय तेथे रुजवला, असे मानले जाते. सोलापूर जिल्ह्यातील भीमाकाठच्या परिसरातून वाळलेले मोठे भोपळे येतात. त्यांना तुणीच्या लाकडाची दांडी जोडली जाते. मग नक्षी, रंग, घोडी, तारा आणि सर्वांत शेवटी जवारी. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

तंबोऱ्याला बहुधा चार तारा असतात. पहिली पंचमात, मधल्या दोन षड्जात आणि चौथी खर्जाच्या षड्जात लावलेली असते. वाजवणारा पहिली, दुसरी, तिसरी, चौथी अशा क्रमाने तारा छेडतो आणि पुन्हा पहिलीकडे येतो. तास न् तास हा क्रम मोडत नाही. चार पायऱ्या, त्यांवर चार स्वर आणि त्यांची अखंड फेरी – सिक्वेन्सर जे करतो, ते याहून निराळे नाही. म्हणून घरी पहिले यंत्र बनवावयाचे झाल्यास ते चार पायऱ्यांचे, म्हणजेच तंबोऱ्याच्या चालीचे, बनवावे हे उत्तम.

परंतु ज्या यंत्राला तार नाही, भोपळा नाही, त्यातून स्वर निघावा कसा? त्यासाठी स्वर म्हणजे काय हे प्रथम समजून घेतले पाहिजे. तार छेडली की ती कंप पावते. तिच्या कंपनांनी हवा कंप पावते. ती कंपने कानावर येऊन आदळतात आणि ध्वनी ऐकू येतो. कंपने नियमित असली की त्यास स्वर म्हणावयाचे. एका सेकंदात कंपने जितकी अधिक, तितका स्वर उंच. आपल्याकडील संगीताच्या पुस्तकांत समजुतीसाठी मध्य षड्जाची कंपनसंख्या सेकंदास २४० धरण्याची रीत आहे. मग पंचमाची ३६० येते आणि तार षड्जाची ४८०, म्हणजे मध्य षड्जाच्या बरोबर दुप्पट. या हिशेबाने तंबोऱ्याच्या चार तारा सांगावयाच्या तर मंद्र पंचमाची तार १८०, मधल्या दोन २४० आणि खर्जाची १२० होईल. गवई आपल्या गळ्याप्रमाणे षड्ज उंच अथवा खाली धरतो. त्याबरोबर सर्वच आकडे बदलतात. परंतु त्यांचे परस्परांशी असलेले प्रमाण बदलत नाही.

तेव्हा प्रश्न एवढाच उरतो की, विजेला सेकंदास २४० वेळा नियमितपणे कंप पावावयास कसे लावावे? यासाठी एका घागरीची कल्पना करावी. वर नळ आहे, खाली तोटी आहे. नळाने घागर भरू लागते. पाणी दोन तृतीयांश उंचीवर पोहोचले की कोणीतरी नळ बंद करून तोटी उघडतो. पाणी उतरत उतरत एक तृतीयांशावर आले की तो तोटी बंद करून नळ पुन्हा सोडतो. घागर अशी भरत राहील आणि उतरत राहील. विजेच्या मंडलात घागरीचे काम धारित्र करते, कारण त्यात वीज साठते. नळाच्या बारीक नळीचे काम रोध करतो, कारण तो विजेचा ओघ आवरतो. आणि दोन्ही खुणांवर डोळा ठेवून नळ व तोटी सांभाळणारा जो पहारेकरी, तो म्हणजे ५५५ या क्रमांकाची आयसी.

ही आयसी दिसावयास एवढीशी असते. काळा चौकोनी तुकडा आणि त्याला आठ पाय. हान्स कामेन्झिंड या अभियंत्याने १९७१ साली तिची रचना केली. तिला पन्नासांहून अधिक वर्षे लोटली, तरी रेडिओ-दुरुस्तीला लागणारे भाग जेथे मिळतात तेथे ती आजही सहज मिळते आणि तिची किंमतही फार नसते. नऊ व्होल्टच्या बॅटरीवर ती चालवली, तर तिच्या दोन खुणा तीन आणि सहा व्होल्टवर असतात. साठलेल्या विजेचा दाब सहावर चढला की ती धारित्र रिकामे करू लागते. तीनवर उतरला की पुन्हा भरू देते. हे चालू असता तिच्या तिसऱ्या पायावर वीज एकदा येते, एकदा जाते. त्या पायाला लहानसा स्पीकर जोडला की त्याचा कागदी पडदा तितक्याच वेळा पुढेमागे होतो.

येथे एक प्रयोग अवश्य करून पाहावा. धारित्र दहा मायक्रोफॅरडचे घ्यावे आणि रोध असे निवडावे की पहिला रोध अधिक दुसऱ्या रोधाची दुप्पट ही बेरीज साठ हजार ओहम भरेल. स्पीकरमधून टक्, टक्, टक् असे ठोके ऐकू येतात. दहा सेकंदांत ते सुमारे २४ भरतात. कोणीही टाळी देऊन त्यांना साथ करू शकेल. आता बाकी काहीही न बदलता केवळ ते धारित्र काढावे आणि त्याच्या जागी शंभरपट लहान, म्हणजे ०.१ मायक्रोफॅरडचे बसवावे. घागर शंभरपट लहान झाली, म्हणून ती शंभरपट वेगाने भरते आणि उतरते. ठोके आता सेकंदास सुमारे २४० होतात. परंतु कानाला ठोके ऐकू येतच नाहीत! ऐकू येतो एक सलग, उभा स्वर. आणि तो असतो मध्य षड्जाच्या आसपासचा.

हा चमत्कार नव्हे. परंतु चमत्काराहूनही अधिक विचार करावयास लावणारी गोष्ट आहे. भजनी मंडळात मृदंग व टाळ यांच्याकडे लय असते आणि पेटीकडे स्वर. त्यामुळे लय व स्वर या दोन अगदी निराळ्या वस्तू आहेत असे वाटते. त्या चिमुकल्या आयसीने दाखवून दिले की, त्या एकाच वस्तूची दोन रूपे आहेत. ठोके सावकाश पडले की ती लय. तेच ठोके सेकंदास विसांच्या पलीकडे गेले की कान ते मोजण्याचे सोडून देतो आणि त्यांचा स्वर होऊ लागतो. संगीताविषयीचे हे सत्य पुस्तकात वाचून समजते खरे. परंतु स्वतःच्या हाताने धारित्र बदलून ते ऐकले की ते जन्मभर विसरले जात नाही.

ठोके देणारे एक मंडल आणि स्वर देणारे दुसरे मंडल तयार झाले की मधला कारभारी हवा. ठोके मोजणे आणि प्रत्येक ठोक्यास पुढच्या स्वराला पुढे करणे, हे त्याचे काम. हा कारभारी म्हणजे ४०१७ क्रमांकाची, सोळा पायांची आयसी. गणपतीच्या मांडवापुढील लहान धावत्या माळांत कित्येकदा हिचाच उपयोग केलेला असतो. हिला दहा वाटा आहेत. पहिला ठोका आला की वीज एका वाटेवर असते, दुसरा आला की ती वाट बंद होऊन शेजारची उघडते. एका वेळी एकच वाट उघडी. दहावीनंतर पुन्हा पहिली. वर्गात हजेरी घेताना एकेक मूल उभे राहून खाली बसावे, तसा हा प्रकार आहे.

दहाऐवजी चारच वाटा हव्या असतील, तर तीही सोय आहे. या आयसीचा पंधरावा पाय तिला पुन्हा आरंभाकडे नेणारा आहे. पाचव्या वाटेची तार त्या पायास जोडली की पाचवी वाट उघडताक्षणीच मोजणी पहिलीवर येते, आणि चार मात्रांची फेरी सिद्ध होते. हीच तार सातव्या वाटेवर नेली तर सहा मात्रांचा दादरा मोजता येतो. आठव्या वाटेवर नेली तर सात मात्रांचा रूपक. नवव्या वाटेवर नेली तर आठ मात्रांचा केरवा. दहाही वाटा मोकळ्या ठेवून तो पाय बॅटरीच्या ऋण टोकास जोडला, तर दहा मात्रांचा झपताल मिळतो. सोळा मात्रांच्या त्रितालासाठी मात्र अशा दोन आयसींची जोडणी करावी लागते. एक तार उचलून दुसरीकडे लावली आणि ताल बदलला! तबल्याच्या वर्गात आवर्तन म्हणजे काय हे ज्यास उमगले नसेल, त्यास ते येथे दिव्यांच्या रूपाने डोळ्यांनी दिसते.

आता सर्व भाग एकत्र जोडावयाचे. कथिलाने डाग देण्याची सवय नसलेल्याने आरंभी ब्रेडबोर्ड घ्यावा. त्याच्या छिद्रांत तारा व भाग नुसते खोचले की जोडणी होते आणि चूक झाल्यास उपटून पुन्हा खोचता येतात. ठोके देणाऱ्या ५५५चा तिसरा पाय ४०१७च्या चौदाव्या पायास जोडला की मोजणी सुरू होते. ४०१७च्या चारही वाटांवर एकेक लहान एलईडी दिवा बसवावा. दिवा जळू नये म्हणून प्रत्येकास एकेका रोधाची सोबत द्यावी. मग प्रत्येक वाटेवर एकेक चल रोध बसवावा. रेडिओचा आवाज कमीजास्त करावयाचे जे फिरते बटण, त्याच्या पोटात हाच भाग असतो. बटण फिरवले की पुढे जाणाऱ्या विजेचा दाब बदलतो. हा दाब स्वर देणाऱ्या दुसऱ्या ५५५च्या पाचव्या पायास पोहोचवला की तिच्या खुणा वरखाली सरकतात आणि तिची कंपनसंख्या बदलते. वाटेत प्रत्येकी एक डायोड हवा. डायोड विजेला एकाच दिशेने जाऊ देतो. त्यामुळे एका वाटेची वीज उलट फिरून दुसऱ्या वाटेत शिरत नाही. अशा रीतीने चार बटणे म्हणजे तंबोऱ्याच्या चार खुंट्याच होतात.

हे काम करताना दोन गोष्टींचे पथ्य कडकपणे पाळले पाहिजे. पहिली ही की, वीज केवळ बॅटरीची घ्यावी. घरातील भिंतीवरच्या विजेला हात लावू नये; मांडवातील रोषणाई उघडून पाहण्याचा मोह तर कधीच धरू नये. तिच्या मागे भिंतीवरचीच वीज असते आणि ती प्राणावर बेतू शकते. दुसरी ही की, बॅटरी जोडण्यापूर्वी धन व ऋण टोके दोनदा तपासावी, कारण ती उलट लागली तर आयसी क्षणात निकामी होते. एवढे करूनही पहिल्या खेपेस यंत्र बहुधा मुकेच राहते. एखादी तार शेजारच्या छिद्रात गेलेली असते, एखादा डायोड उलटा बसलेला असतो. अशा वेळी सारे उपटून टाकणे शहाणपणाचे नव्हे. प्रथम ठोके पडतात की नाही ते पाहावे. मग दिवे क्रमाने लागतात की नाही ते पाहावे. मग स्वराकडे वळावे. दिवे धावत असून आवाज येत नसेल, तर दोष दिव्यांच्या पलीकडे आहे हे आपोआप ठरते. चूक कोठे नाही हे एकेक करून निश्चित करीत गेले की ती कोठे आहे हे अखेर सापडतेच.

आणि मग तो क्षण येतो. पहिला दिवा लागतो आणि एक आवाज निघतो. दुसरा लागतो आणि दुसरा आवाज निघतो. हे आवाज गोड नसतात. जत्रेतल्या पिपाणीसारखे ते कर्कश असतात आणि एकमेकांशी त्यांचा मेळही नसतो. यंत्र झाले, वाद्य अजून व्हावयाचे आहे. ते स्वरात लावले पाहिजे.

स्वरात लावण्याचे काम कोणतीही आयसी करीत नाही. ते कानालाच करावे लागते. ठोके अगदी सावकाश करून एकेका दिव्यावर यंत्र थांबू द्यावे. शेजारी कोणी पेटीवर षड्ज धरून ठेवावा आणि यंत्राचे बटण हळूहळू फिरवावे. दोन स्वर जवळ जवळ आले की एक नवलाची गोष्ट ऐकू येते. आवाजात लाटा उठू लागतात. तो मोठा होतो, लहान होतो, पुन्हा मोठा होतो. पेटीचा स्वर २४० असेल आणि यंत्राचा २४३, तर सेकंदास तीन लाटा उठतात. बटण योग्य दिशेने फिरवीत गेले की लाटा मंदावतात आणि दोन्ही स्वर एक झाले की नाहीशा होतात. तंबोऱ्याच्या मधल्या दोन तारा, म्हणजे जोडी, एकमेकींशी मिळवताना गवई याच लाटा ऐकत असतो. पंचमाचे बटणही असेच कानाने जुळवावयाचे. पुष्कळ वेळ लागतो. परंतु चारही बटणे लागल्यावर ठोक्यांचा वेग थोडा वाढवला की त्या कर्कश पिपाणीतून एकाएकी तंबोऱ्याची ओळखीची चाल ऐकू येऊ लागते.

चाल ओळखीची असली तरी आवाज तंबोऱ्याचा नसतो. याचे कारण असे की, कोणत्याही वाद्याचा स्वर एकटा नसतो; त्याच्यासोबत दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येचे उपस्वर मंदपणे वाजत असतात. त्यांच्या कमीअधिक प्रमाणामुळेच बासरी, पेटी व तंबोरा यांचे आवाज निरनिराळे होतात. तंबोऱ्याची घोडी सपाट व किंचित उतरती असते आणि तिच्यावर तारेखाली सुताचा धागा सरकवलेला असतो. तार घोडीला हळूच घासत कंप पावते आणि उपस्वरांचा जणू झराच फुटतो. हीच जवारी. तारेच्या शास्त्राचा जुना नियम लावला तर जे उपस्वर ऐकू येऊ नयेत, तेही तंबोऱ्यात स्पष्ट ऐकू येतात, ही गोष्ट चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली आपल्या निबंधात दाखवून दिली.

सिंथेसायझर बनवणारे याच उपस्वरांशी खेळतात. ५५५चा आवाज उपस्वरांनी खच्चून भरलेला असतो. म्हणून तो टोचतो. त्याच्यापुढे एक रोध व एक धारित्र यांची गाळणी बसवली की उंच उपस्वर गाळले जातात आणि आवाज मऊ होतो. याशिवाय स्वर एकदम सुरू होऊन एकदम तुटण्याऐवजी तारेप्रमाणे चटकन उठावा आणि सावकाश विरावा, अशीही योजना करता येते. मूर्तिकार दगडातील नको तो भाग काढून टाकतो आणि मूर्ती उरते. येथेही तसेच घडते.

या विद्येचे जे मोठे कारागीर झाले, त्यांतील कित्येकांचा आरंभ घरातील टेबलावरच झाला. अमेरिकेतील रॉबर्ट मूग याने पंधराव्या वर्षाच्या सुमारास एका मासिकातील आकृती पाहून थेरेमिन नावाचे वाद्य घरी बनवले. स्पर्श न करता, केवळ हवेत हात हालवून ते वाजते. हाच मुलगा पुढे अभियंता झाला आणि १९६४ साली त्याने आपला सिंथेसायझर तयार केला. १९६९ साली मूगचे एक यंत्र आपल्या देशातही आले. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराने ते उभे करून दिले आणि गीता साराभाई आदी भारतीय कलावंतांनी १९७२पर्यंत त्यावर नाना प्रयोग केले. मुंबईत चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ साली तीन जपानी यंत्रांवर दहा राग वाजवून त्यांची ध्वनिमुद्रिका काढली. त्या यंत्रांपैकी दोन सिक्वेन्सर असलेली होती आणि त्यांच्या फेरीत सोळा घरे होती. त्रितालाच्या मात्राही सोळाच! त्या वेळी या ध्वनिमुद्रिकेकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. २०१० साली ती पुन्हा निघाली, तेव्हा जगभरच्या रसिकांनी तिचे कौतुक केले.

दरम्यान तंबोऱ्यालाही यंत्राचे रूप मिळाले होते. बंगळूरूचे अभियंते व बासरीवादक जी. राज नारायण यांनी १९७९च्या सुमारास इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार करण्याच्या कामी पुढाकार घेतला. अशी पेटी पिशवीत मावते, तिची तार तुटत नाही आणि एकट्याने रियाज करणाऱ्यास तिची मोठी सोबत होते. आता तर भ्रमणध्वनीतही तंबोरा ऐकावयास मिळतो. साहजिकच एक प्रश्न उभा राहतो. यंत्र जर इतक्या स्वस्तात आणि इतक्या सुलभतेने वाजत असेल, तर मिरजेच्या कारागिराने महिनोन् महिने भोपळा का वाळवावा आणि दिवसभर घोडी का घासावी?

या प्रश्नाचे उत्तर यंत्राला दोष देऊन मिळणार नाही. ज्या विद्यार्थ्याच्या घरी तंबोरा नाही, तंबोरा छेडणारा कोणी नाही, त्याला यंत्राने स्वराचा आधार दिला आहे. हा उपकार लहान नाही. परंतु तयार यंत्र एक गोष्ट गुपचूप काढून घेते. त्याचे बटण दाबले की स्वर आधीच लागलेला असतो; ऐकणाऱ्याच्या कानाला काही काम उरत नाही. तंबोरा मात्र हाती घेताच विचारतो, “माझा पंचम लागला आहे का?” आणि उत्तर देण्यासाठी कान जागा करावा लागतो. गंमत अशी की, घरी बनवलेले चार बटणांचे ओबडधोबड यंत्रही हाच प्रश्न विचारते. बॅटरी थोडी उतरली, दिवस तापला, की त्याचे स्वर ढळतात आणि ते पुन्हा लावावे लागतात. म्हणून दुकानातल्या निर्दोष यंत्रापेक्षा घरचे सदोष यंत्र तंबोऱ्याच्या अधिक जवळचे आहे. ज्याने ते स्वतः लावले, त्यास मिरजेच्या कारागिराचा हात कशासाठी तास न् तास घोडीवर फिरतो हे सांगावे लागत नाही. ते त्याच्या कानालाच कळलेले असते.

यंत्र मोजते, न थकता आणि न चुकता. चारनंतर पुन्हा एक येतो, हे ते कधी विसरत नाही. पण पंचम गोड लागला की नाही, लय धावू लागली की काय, आता थांबावे की आणखी एक आवर्तन घ्यावे, हे त्याला ठाऊक नसते. ते ठरवण्याचे काम बनवणाऱ्याकडे आणि वाजवणाऱ्याकडेच राहते.

भाद्रपदात पुन्हा मांडव पडतील, पुन्हा दिव्यांची माळ धावेल. पुष्कळ लोक ती पाहून पुढे जातील. परंतु ज्या मुलाने एकदा तरी दहा वाटांची ती आयसी हाताळली असेल, तो त्या माळेपुढे क्षणभर थबकेल. बोटांवर तो दिवे मोजू लागेल आणि मांडवात भजनाची सम कधी येते, इकडेही त्याचा कान लागलेला असेल.